जुनं रबर फेकू नका : फियाट-पद्मिनीच्या काचेभोवतीचा इतिहास

आजचा विषय कळल्यावर दोघा-तिघांनी आम्हाला विचारलं, की रबरावर काय व्याख्यान देणार? काचेभोवती असतं ते रबर, दरवाजाला असतं ते रबर. फाटलं की बदलायचं, विषय संपला. आमचं म्हणणं असं, की बदलायचं हे बरोबर आहे, पण विषय तिथे संपत नाही. जुनं रबर काढून फेकलं, की त्या गाडीच्या इतिहासातला एक कागद आपण फाडून टाकतो. हे आम्हाला आधीच माहीत होतं असं समजू नका. आम्ही स्वतः तो कागद फाडलेला आहे, आणि तिथूनच सुरुवात करतो.

आज आपण निजामपुऱ्यात बसलो आहोत. ऑनलाइन ऐकणाऱ्यांसाठी सांगायचं, तर हा जुन्या भिवंडीचा भाग. महापालिकेच्या नावातही तो आहे : भिवंडी निजामपूर शहर महानगरपालिका. इथल्याच एका गाळ्यात आमच्या एका स्नेह्यांची फियाट ११०० बरीच वर्षं उभी होती. साठच्या दशकातली. यंत्रमागाचा गाळा, एका बाजूला सुताचे बीम, दुसऱ्या बाजूला ताडपत्रीखाली ही गाडी. पावसाळ्यात पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यातून पाणी आत यायचं. पायाखालचं मॅटिंग उचललं तर खाली पत्रा पापडासारखा झालेला.

मग आम्ही मुंबईच्या बाजारातून काचेचं नवं रबर आणलं. जुनं इतकं कडक झालेलं, की ते निघालं नाही, तुकड्या-तुकड्याने मोडलं. ते तुकडे गोणीत भरले, गोण भंगारात गेली. नवं रबर काचेवर चढवलं, त्याच्या खाचेत नायलॉनची दोरी बसवली, साबणाचं पाणी लावलं. एकाने बाहेरून काच दाबायची, दुसऱ्याने आतून दोरी ओढायची. दोरी निघत जाते तसा रबराचा ओठ पत्र्यावर चढत जातो. हे काम पाहिलं नसेल तर जरूर पाहा. तासाभरात काच बसली. दिसायला सुरेख. आणि पहिल्याच मोठ्या पावसात पाणी आलं. त्याच कोपऱ्यातून.

रबर नवं होतं, पण या गाडीचं नव्हतं. त्याची पत्र्यासाठीची खाच पत्र्यापेक्षा रुंद होती. योग्य मापाचं बनवून घ्यावं म्हणून आम्ही एका रबरवाल्याकडे गेलो. त्याचा पहिला प्रश्न, "सँपल आणलंय का?"

सँपल आम्ही भंगारात घातलं होतं.

आता जरा मागे जाऊ. ही गाडी आली कुठून, आणि तिच्या रबराचा नकाशा कुठे मिळत का नाही?

सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांचं नाव आपण जहाजांच्या संदर्भात ऐकलेलं असतं. सिंधिया कंपनी १९१९ ची. मोटारीचा कारखाना हे त्यांचं आणखी एक मोठं स्वप्न. प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ मध्ये स्थापन झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. सुरुवातीला त्या अमेरिकी, क्रायस्लरच्या घराण्यातल्या. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला आणि १९५४ पासून ११०० मालिका आली. जुने लोक जिला लाडाने 'डुक्कर फियाट' म्हणतात, ती याच कुळातली. १९६४ मध्ये ११०० डिलाइट आली. फियाटशी असलेला परवाना संपल्यावर १९७२ मध्ये तीच गाडी 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ मध्ये 'प्रीमियर पद्मिनी'. उत्पादन थांबलं ते २००० च्या सुमारास. म्हणजे मूळ इटालियन आराखड्याची एक गाडी कुर्ल्यात जवळजवळ साडेतीन दशकं निघत राहिली.

आता बघा, लोकांना वाटतं की इतकी वर्षं एकच गाडी निघाली, तर तिचं रबरही एकच असणार. तसं नाही. सुरुवातीच्या ११०० गाड्यांचे पुढचे दरवाजे उलटे उघडायचे, बिजागरी मागच्या बाजूला. नंतरच्या गाड्यांचे सरळ उघडणारे. दरवाजाची बिजागरी एका बाजूची दुसऱ्या बाजूला गेली, की रबर कुठे दाबलं जातं आणि कुठे घासलं जातं, हे सगळं बदलतं. शिवाय स्वातंत्र्यानंतरचं सरकारी धोरण असं होतं, की परदेशातून सुटे भाग आणून नुसती जुळणी करू नका, भाग इथेच बनवा. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने हेच सांगितलं, आणि जनरल मोटर्स, फोर्ड यांनी तेव्हा इथलं काम आवरलं. जे राहिले त्यांनी एकेक भाग देशी करत नेला. कारखाना बदलला, साचा बदलला की रबराचा छेद अर्ध्या-एक मिलिमीटरने इकडे-तिकडे होणार. इंजिनावर क्रमांक असतो, चासीवर क्रमांक असतो. दरवाजाच्या रबरावर कोण काय लिहून ठेवणार?

म्हणून इटलीत आजही हौशी लोकांसाठी ११०० ची नवी रबरं बनतात, ती मागवली तर प्रश्न सुटेल असं धरून चालता येत नाही. काही आपल्या जुन्या गाड्यांना चपखल बसतात. पण आपल्या नंतरच्या गाड्यांचा इतिहास इटलीत घडलेला नाही, कुर्ल्यात घडला आहे. त्याचं सँपल इथेच शोधायला हवं.

इथे एक प्रश्न येतो. इतकी वर्षं मग ही रबरं मिळत कशी होती? ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, कुठेही जा, पद्मिनीचं रबर मागा, मिळायचं. त्याचं उत्तर काळ्या-पिवळ्या टॅक्सीत आहे. हौशी लोकांनी हा बाजार जगवला नाही, टॅक्सीवाल्याने जगवला. त्याची गाडी रोज रस्त्यावर, उन्हात, पावसात. रबर गेलं की गिऱ्हाइकाच्या अंगावर पाणी पडायचं, ते बदलावंच लागायचं. पण त्याला मूळ छेदाशी देणंघेणं नव्हतं. स्वस्त हवं, आज हवं, आणि हा पावसाळा निघाला पाहिजे. बाजारात जी नक्कल तयार झाली ती या गरजेतून. ती वाईट होती असं आम्ही म्हणणार नाही. तिने हजारो गाड्या चालत्या ठेवल्या. फक्त तिला 'मूळ' समजायची चूक आपण करू नये.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. टॅक्सीला वयाची मर्यादा २० वर्षांची. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी राहिली नाही. वर्तमानपत्रांत फोटो आले, आठवणी आल्या. आम्हाला त्या दिवशी वाटलं ते वेगळंच : रबराचं मोठं गिऱ्हाईक गेलं. गिऱ्हाईक गेलं की दुकानदार माल ठेवत नाही, माल उठत नाही म्हटल्यावर कारखानदार साचा ठेवत नाही. साचा म्हणजे पोलादाचा ठोकळा. भंगारात त्याला किलोवर भाव मिळतो.

आणि गंमत अशी, की नेमकी याच वेळी ही गाडी ऐतिहासिक ठरू लागली. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपात जपलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नंबर प्लेटवर 'व्हीए' ही अक्षरं येतात. १९७४ ची पद्मिनी २०२४ मध्ये पन्नाशीची झाली. म्हणजे टॅक्सी गेली आणि वर्षभरात पहिल्या पद्मिनी व्हिंटेज व्हायच्या वयात आल्या. जपायची वेळ आली तेव्हाच जपायचं सामान दुर्मीळ होऊ लागलं.

आता थोडं रबराबद्दल. झाडाच्या चिकाचं कच्चं रबर उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत ठिसूळ व्हायचं. अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांना १८३९ मध्ये सापडलं, की रबरात गंधक मिसळून ते तापवलं तर ते टिकाऊ आणि लवचिक होतं. १८४४ मध्ये त्यांना अमेरिकेत आणि थॉमस हॅन्कॉक यांना इंग्लंडमध्ये पेटंट मिळालं. याला व्हल्कनायझेशन म्हणतात. आपल्याकडे पंक्चरवाल्याच्या पाटीवर 'वल्कनाइझिंग' लिहिलेलं असतं, तेच हे.

पण ते अमर होत नाही. हवेत थोडा ओझोन असतो. नैसर्गिक रबराच्या रेणूंच्या साखळीत ज्या दुहेरी कड्या असतात, त्यांच्यावर तो हल्ला करतो. रबर जिथे ताणलेलं असतं तिथे ताणाच्या आडव्या दिशेने बारीक चिरा पडतात. उष्णतेने ते कडक होतं. त्यात मिसळलेली तेलं हळूहळू निघून जातात आणि ते आटतं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ईपीडीएम नावाचं कृत्रिम रबर बाजारात आलं. त्याच्या मुख्य साखळीत त्या दुहेरी कड्या नसतात, म्हणून ऊन आणि ओझोन ते फार चांगलं सोसतं. आज जगभर गाड्यांची दरवाजाची आणि काचेची रबरं बहुतेक ईपीडीएमची असतात. त्याचा एक दोष लक्षात ठेवा : पेट्रोल आणि तेल त्याला सोसत नाही, ते फुगतं. आपल्याकडे रबर काळं कुळकुळीत दिसावं म्हणून रॉकेल नाहीतर ग्रीस चोळायची सवय आहे. ती सोडा. साधं साबणाचं पाणी पुरे, आणि चोळायचंच असेल तर सिलिकॉनचं ग्रीस.

मग आमच्या कोपऱ्याचं काय झालं? नशीब म्हणा. त्याच गाळ्याच्या लोखंडी दारावर, दार आपटून आवाज होऊ नये म्हणून कुणीतरी वीतभर काळं रबर तारेने बांधून ठेवलं होतं. आमच्या स्नेह्यांच्या वडिलांच्या वेळी कधीतरी काच फुटली होती, तेव्हाचा तो तुकडा. मागावरच्या कामगाराने तो फेकला नाही, उपयोगाला लावला.

निजामपुऱ्यात हे आश्चर्याचं नाही. भिवंडीचा यंत्रमाग उभा राहिला तो उत्तरेतून आलेल्या मोमीन विणकरांच्या हातांवर आणि मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेल्या मागांवर. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईतलं बरंच विणकाम इकडे सरकलं. माग सेकंडहॅण्ड, बनवणारी कंपनी लांबची, कधी बंद पडलेली. धोट्याला टोला देणारा पिकर तुटला, बफर झिजला, तर कंपनीला पत्र लिहून काय होणार? जुना नग घेऊन कारागिराकडे जायचं, म्हणायचं, असाच बनव. या गावाचा धंदा सँपलवर चालला आहे. इथला मिस्त्री जुना नग लगेच फेकत नाही, कारण उद्या तोच दाखवावा लागणार, हे त्याला माहीत आहे. आम्ही पुस्तकं वाचणारी माणसं, आम्ही गोणी भरून फेकलं.

तो तुकडा घेऊन आम्ही पुन्हा रबरवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, याची हुबेहूब कॉपी काढून देतो. आणि इथे आम्ही थांबलो, कारण इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा धोका ओळखीचा आहे. पोथीची नक्कल करताना लेखनिकाकडून चूक होते, पुढचा लेखनिक त्या चुकीसकट नक्कल करतो. रबराचंही तसंच. जुना तुकडा आटलेला असतो. समजा अखंड कडं मुळात ३५० सेंटिमीटरचं होतं आणि ते दोन टक्के आटलं, तर ७ सेंटिमीटर गेले. त्याचीच नक्कल केली, साच्यातून निघाल्यावर रबर थंड होताना आणखी थोडं आटतं हे धरलं नाही, तर ती आणखी लहान. पुढे कुणी त्या नकलेची नक्कल केली, तर काय उरेल, विचार करा.

लांब पट्टीसारखं रबर डायमधून दाबून काढतात, तिथे उलटं होतं. डायच्या तोंडातून बाहेर पडताच रबर फुगतं. म्हणून डायचं भोक आणि तयार पट्टीचा छेद कधी सारखे नसतात. चांगला कारागीर भोक मुद्दाम वेगळं कापतो, पट्टी काढून बघतो, कानस मारतो, पुन्हा काढतो. म्हणजे जुनी डाय हाती लागली तरी ती कुठल्या मिश्रणासाठी कापली होती, हे कळल्याशिवाय ती अर्धीच माहिती देते.

मग साक्ष कुणाची घ्यायची? आम्ही तीन साक्षीदार धरले. पहिला, जुनं रबर. ते आकार सांगतं : किती ओठ आहेत, खाच किती, चकचकीत पट्टीसाठी वेगळी फट आहे का. माप मात्र ते नीट सांगत नाही. दुसरा साक्षीदार, गाडीचा पत्रा. रंगाचे थर खरवडून त्याच्या कडेची जाडी मोजायची. तिसरी, काच. तिची जाडी मोजायची. पत्रा आणि काच आटत नाहीत. खाचेची मापं त्यांच्यावरून ठरवायची आणि आकार रबरावरून घ्यायचा. मात्र काच मूळचीच आहे ना, हे कोपऱ्यातल्या खुणेवरून आधी बघून घ्यायचं, कारण बदललेली काच वेगळ्या जाडीची असू शकते.

तुकड्याचा पातळ काप धारदार पात्याने घेतला, तो शाईत बुडवून ग्राफ पेपरवर ठसा उमटवला. शेजारी पट्टी ठेवून स्कॅन केलं. ठशावर लिहिलं : कुठल्या वर्षाची गाडी, पुढची काच की मागची, खालची कड की वरची, तारीख. दाबून चपटा झालेला भाग सोडून, पट्टीखाली झाकून राहिलेला भाग मोजला. तोच सगळ्यात कमी बिघडलेला असतो. पहिली पट्टी बसली नाही, दुसरी बसली. एका गाडीसाठी मिश्रणाचा घाणा कोणी लावत नाही, म्हणून अशाच जुन्या गाड्यांचे आणखी काही मालक गोळा करून एकत्र ऑर्डर दिली. तो कोपरा आता कोरडा आहे.

नवी रबरं घेतलीत तर ती ठेवायची कशी, हेही सांगून टाकतो, कारण आमच्याकडे दुकानापासून घरापर्यंत सगळे रबर खिळ्याला टांगतात. खिळ्यावर जिथे ते वाकतं तिथे ताण येतो, आणि ताण असेल तिथे चिरा येतात. रबर साठवण्यासाठी आयएसओ २२३० नावाचं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन आहे. त्याचा मथितार्थ आपल्या आजीच्या लोणच्याच्या नियमांसारखा आहे : थंड जागा, अंधार, हवाबंद. ताण नको, घडी नको, वर वजन नको. मोठ्या वेटोळ्यात, टाल्कम पावडर लावून, काळ्या पिशवीत आडवं ठेवा. वेल्डिंग चालतं किंवा मोटरच्या ठिणग्या उडतात त्या खोलीत नको. तिथे ओझोन तयार होतो. पिशवीवर खरेदीची तारीख लिहा. वापरायला काढताना जुनं आधी काढा.

शेवटचा मुद्दा. मूळ रबर बहुधा नैसर्गिक किंवा एसबीआरचं असणार, आम्ही बसवलं ईपीडीएमचं. मग गाडी मूळ राहिली का? यावर आमच्यातच मतभेद झाले. आमच्यातले एक जण म्हणाले, पदार्थ बदलला म्हणजे खोटं झालं. आम्ही बाकीचे शेवटी या मतावर आलो : रबर हे मुळातच झिजण्यासाठी लावलेलं असतं. ते स्वतः खराब होऊन पत्रा वाचवतं. पत्रा सडू देऊन रबराचं सोवळं पाळण्यात अर्थ नाही. गाडीवर टिकाऊ रबर लावा, आणि मूळचं जे काही हाती लागेल ते पिशवीत ठेवा. गाडी चालती राहील आणि पुरावाही राहील. तुम्हाला हे पटलं नाही, तर प्रश्नोत्तरांत जरूर भांडा.

तर एवढंच मागणं आहे. तुमच्या घरी, शेजारी, गावाकडच्या गोठ्यात जुनी फियाट असेल, तिचं रबर बदलणार असाल, तर मिस्त्रीला आधीच सांगा : "दादा, जुनं फेकू नका." सगळं नको. प्रत्येक जागेचा वीतभर तुकडा पुरे. त्यावर गाडीचं वर्ष आणि जागा लिहा. कारखाना बंद झाला, टॅक्सी गेली, साचे भंगारात जात आहेत. त्या गाडीचं माप आता तुमच्या त्या तुकड्यातच शिल्लक असण्याची शक्यता आहे.

आमचा वीतभर तुकडा आम्ही जपून ठेवला आहे. गाळ्याच्या दाराला त्याच्या जागी नवं रबर बांधून दिलं, कारण कामगारांनी आठवण केली, की दार पुन्हा आपटायला लागलंय. आज तो तुकडा आणि त्याचा ठसा इथे टेबलावर ठेवला आहे. उठताना हातात घेऊन बघा. फक्त वाकवू नका.